२४ व्होल्टचा एसएमपीएस घेताना अँपिअरच्या आधी काय बघायचं

कंट्रोल पॅनलमध्ये सगळ्यात कमी विचार करून घेतली जाणारी वस्तू म्हणजे पॉवर सप्लाय. पीएलसी (मशीनचा प्रोग्राम चालवणारा कंट्रोलर) कुठला घ्यायचा यावर मीटिंगा होतात, एचएमआयचा (ऑपरेटर ज्यावर मशीन बघतो-चालवतो तो) स्क्रीन ७ इंची की १० इंची यावर आठवडाभर मेल फिरतात, आणि एसएमपीएससाठी, म्हणजे २३० व्होल्ट एसीचा २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या या पॉवर सप्लायसाठी, मटेरियल लिस्टमध्ये एकच ओळ असते, "२४ व्होल्ट १० अँपिअर, १ नग". परचेसवाले तीन कोटेशन मागवतात आणि स्वस्त पडेल तो उचलतात. त्यांचीही चूक नाही कारण त्या ओळीत दुसरं काही लिहिलेलंच नसतं. पण पॅनलमधलं सगळं म्हणजे पीएलसी, एचएमआय, सेन्सर, रिले, व्हॉल्व्ह, एन्कोडर, सेफ्टी रिलेसुद्धा त्या एका डब्यावर चालतं, तो बसला की लाइन बसली.

माझं म्हणणं एवढंच आहे की अँपिअरचा आकडा शेवटी बघा. आधी दोन गोष्टी बघा, तो डबा किती गरम जागेत राहणार आहे आणि त्याला मागून कसली लाइट मिळणार आहे. बहुतेक एसएमपीएस या दोनच कारणांनी मरतात.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. २३० व्होल्ट एसी आत आला की आधी डायोडचा ब्रिज त्याचा डीसी करतो, आणि २३० चा पीक १.४१४ पट असल्यामुळे आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी तयार होतो. तो एका जाड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये साठतो. हा कपॅसिटर म्हणजे सोसायटीची गच्चीवरची टाकी समजा, पाणी खालून थांबून थांबून येतं पण नळाला एकसारखं मिळतं. मग मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो, पलीकडे परत डायोड आणि कपॅसिटर लागतात आणि २४ व्होल्ट बाहेर पडतो. आउटपुट जरा वरखाली झालं की ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशाने निरोप देणारा भाग) परत अलीकडे, मॉस्फेटच्या बाजूला निरोप जातो आणि स्विचिंग तेवढं कमी-जास्त होतं.

या सगळ्यात सगळ्यात लवकर म्हातारा होणारा भाग म्हणजे ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या आत ओलसर इलेक्ट्रोलाइट असतं, उष्णतेने ते हळूहळू सुकत जातं, कपॅसिटन्स कमी होतो, रिपल (डीसीवर उरलेली एसीची थरथर) वाढतो आणि एक दिवस सप्लाय लोडवर उठत नाही. ढोबळ नियम असा की तापमान १० डिग्रीने वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. हिशोब करून बघा. कपॅसिटरवर १०५ डिग्रीला २००० तास असं लिहिलेलं असेल आणि तो प्रत्यक्षात ६५ डिग्रीला चालत असेल तर चार वेळा दुप्पट म्हणजे ३२,००० तास. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे तीन शिफ्टला सतत चालणाऱ्या मशीनवर साडेतीन वर्षांच्या आसपास. तोच कपॅसिटर ७५ डिग्रीला चालला तर १६,००० तास, म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाहीत. आणि कंपनीने ५,००० तासांचा कपॅसिटर टाकला असेल तर ६५ डिग्रीला तेच ८०,००० तास होतात, नऊ वर्षं. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, दोन्हीवर २४ व्होल्ट १० अँपिअर लिहिलेलं असतं, किमतीत मात्र दुपटीचा फरक पडू शकतो आणि तो फरक कशाचा ते इथे आहे.

आता तुमच्या पॅनलच्या आत खरंच किती तापमान असतं? चंद्रपूर, बुटीबोरी, जळगाव या बाजूला उन्हाळ्यात बाहेरच ४३-४५ डिग्री होतात. शेड पत्र्याची असते, पॅनल आयपी ५४ म्हणजे बंद, आत दोन-तीन ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे डबे), फॅनचा फिल्टर धुळीने चोंदलेला. बाहेरच्यापेक्षा आत १०-१५ डिग्री जास्त सहज होतात, म्हणजे ५५ ते ६०. आणि डेटाशीटमधले चांगले चांगले आकडे बहुतेक २५ डिग्री आणि २३० व्होल्टला दिलेले असतात. म्हणून डेटाशीट उघडलं की पहिल्यांदा डीरेटिंगचा, म्हणजे तापमान वाढलं की सप्लायची ताकद किती उतरते त्याचा, ग्राफ शोधा. त्यात आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर लोडचे टक्के असतात. चांगला सप्लाय ६० डिग्रीपर्यंत १०० टक्के देतो आणि तिथून उतरतो. दुसरा एखादा ५० पासूनच डिग्रीमागे अडीच टक्क्यांनी उतरतो, म्हणजे ६० ला तो ७.५ अँपिअरचा झाला आणि ७० ला ५ चा. काही तर ४०-४५ पासूनच उतरायला लागतात. लेबलवर मात्र सगळीकडे १०.

ग्राफमधलं तापमान म्हणजे शेडमधल्या थर्मामीटरवरचं तापमान नव्हे, युनिटच्या लगेच खालून जी हवा आत शिरते तिचं. म्हणून मोजायचं असेल तर थर्मोकपल एसएमपीएसच्या खाली इंचभर अंतरावर टांगा, दरवाजा बंद करा, मशीन फुल लोडवर दोन-तीन तास चालू द्या, आणि हे दुपारी करा. दरवाजा उघडून इन्फ्रारेड गन मारून जो आकडा येतो त्याला अर्थ नाही, दरवाजा उघडल्या उघडल्या गरम हवा निघून जाते.

एफिशियन्सीचा आकडा लोक वीजबिलाच्या नजरेने बघतात आणि सोडून देतात, पण तो खरं तर उष्णतेचा आकडा आहे. २४० वॅटचा सप्लाय ८८ टक्के एफिशियन्सीचा असेल तर फुल लोडला साधारण ३३ वॅट आतच जाळतो. ९४ टक्केवाला १५ वॅट. म्हणजे सहा टक्के वाचतात तेव्हा आतली उष्णता निम्म्याहून कमी होते, आणि ती उष्णता नेमकी त्या कपॅसिटरच्या शेजारी असते.

बसवण्यातही बरंच बिघडतं. हे डबे नैसर्गिक हवेवर थंड होतात, खालून गार हवा शिरते आणि वरून गरम निघते, म्हणून उभेच बसवायचे आणि वर-खाली मॅन्युअलमध्ये सांगितलेली जागा सोडायची, बहुतेक ४०-५० मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्याकडे वायरिंग डक्ट थेट एसएमपीएसच्या डोक्याला चिकटवलेली असते. किंवा खाली ड्राइव्ह आणि बरोबर त्याच्या डोक्यावर एसएमपीएस, म्हणजे ड्राइव्हची सगळी गरम हवा याच्या पोटात. महागातला महाग सप्लाय घेतला तरी तिथे तो टिकणार नाही.

आता मागून येणाऱ्या लाइटबद्दल. सिंगल फेज एसएमपीएसची इनपुट रेंज बहुतेक ८५ ते २६४ व्होल्ट असते. खालची बाजू भरपूर सोडलेली आहे, व्होल्टेज १८० ला आला तरी तो चालतो. वरची बाजू मात्र अगदी जवळ आहे. कारखान्यात न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या फेजचं व्होल्टेज वर पळतं, ३०० होईल, ३५० होईल, वाईटात वाईट ४१५ पर्यंत जाईल. ३०० व्होल्टचा पीक ४२४ होतो. बऱ्याच डब्यांमध्ये आतला कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो, तो फुगतो किंवा फुटतो. "लाइट फ्लक्चुएट झाली आणि एसएमपीएस उडाला" असं मेंटेनन्सवाले सांगतात त्यातल्या बऱ्याच केसमध्ये मूळ दुखणं न्यूट्रलचं असतं. सप्लाय बदलून काही होत नाही, न्यूट्रलची लग, बसबार आणि अर्थिंग तपासल्याशिवाय दुसराही उडतो.

यावर तीन उपाय आहेत. डेटाशीटमध्ये "३०० व्होल्ट एसी ५ सेकंद सहन करतो" अशी ओळ असलेला सप्लाय घ्या, त्याने थोडा जीव वाचतो, पण न्यूट्रल तासभर गायब असेल तर नाही वाचत. दुसरं म्हणजे थ्री फेज इनपुटचा एसएमपीएस, ३४० ते ५५० व्होल्ट अशा रेंजचे मिळतात, त्यांना न्यूट्रल लागतच नाही, शिवाय बरेच मॉडेल एक फेज गेला तरी कमी लोडवर चालत राहतात. तिसरा उपाय जुना आणि मला सगळ्यात आवडणारा, दोन फेजमध्ये ४१५/२३० चा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. न्यूट्रलचा प्रश्नच संपतो, स्पाइकही बरेच मरतात. फक्त ट्रान्सफॉर्मर मोजताना वॅट धरू नका, व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) धरा. पॉवर फॅक्टर करेक्शन नसलेल्या एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.६ च्या आसपास असतो, म्हणजे २४० वॅट आउटपुटसाठी इनपुट २७० वॅट आणि त्याचे ४५० व्हीए. तिथे ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर टाकला तर तो तापतो आणि लोक एसएमपीएसला दोष देतात. वळवाच्या पावसात विजा पडतात त्या भागात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा) मेन इनकमरवर हवाच, त्याला पर्याय नाही.

होल्डअप टाइम हा आकडाही वाचत जा. लाइट क्षणभर डोळा मारते तेव्हा सप्लाय आतल्या कपॅसिटरवर किती वेळ २४ व्होल्ट धरून ठेवतो तो वेळ. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झची एक पूर्ण सायकल. हा आकडा फुल लोडचा असतो, अर्ध्या लोडवर साधारण दुप्पट मिळतो, म्हणजे सप्लाय थोडा मोठा घेण्याचं हे आणखी एक कारण. मोठी मोटर डायरेक्ट ऑनलाइन सुरू झाली की पीएलसी रिस्टार्ट होतो अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. आणि लाइट जाते तेव्हा पीएलसीला दोन-चार मिनिटं डेटा सेव्ह करायला हवीच असतील तर होल्डअपवर विसंबू नका, डीसी यूपीएस लावा.

लाइट परत येते तेव्हाची गंमत वेगळीच. रिकामा कपॅसिटर भरताना पहिल्या काही मिलिसेकंदात ३०-६० अँपिअरचा झटका घेतो. एका ६ अँपिअरच्या बी कर्व्ह एमसीबीवर (एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, बी कर्व्ह म्हणजे छोट्या झटक्यालाही पडणारी) चार एसएमपीएस टाकले की रोज चालतं, पण लाइट जाऊन आली की एमसीबी पडलेली. सी कर्व्ह, म्हणजे झटका जास्त सोसणारी, घ्या आणि एका एमसीबीवर किती युनिट चालतील ते मॅन्युअलमध्ये बघा, चांगल्या कंपन्या सरळ आकडा देतात.

एवढं झाल्यावर अँपिअर. एक मधल्या आकाराच्या पॅकिंग मशीनचं पॅनल धरू. पीएलसी आणि कार्ड मिळून ०.५ अँपिअर, एचएमआय ०.५, वीस प्रॉक्सिमिटी सेन्सर १५ मिलिअँपिअरने ०.३, रिले आणि टॉवर लॅम्प मिळून ०.५, आणि बारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ४.८ वॅटचे म्हणजे प्रत्येकी ०.२ अँपिअर, एकूण २.४. बेरीज ४.२ अँपिअर. कागदावर ५ अँपिअरचा सप्लाय बसतो. पण पॅनल आत ५८ डिग्रीला आहे आणि सप्लाय ५० पासून डीरेट होतो, म्हणजे त्याच्याकडे ४ अँपिअरच उरले. कस्टमर पुढच्या वर्षी कोडिंग मशीन आणि चार सेन्सर वाढवणार. इथे १० अँपिअरचाच घ्या. निम्म्याच्या आसपास लोडवर चालणारा सप्लाय गार राहतो, आणि गार राहिला की टिकतो. सगळे व्हॉल्व्ह एकदम चालू होत नाहीत हे खरं, पण सिलिंडर होम पोझिशनला नेताना बरेचदा होतात, म्हणून मी ती सूट धरत नाही.

ओव्हरलोड झाला की सप्लाय काय करतो हे मॉडेलप्रमाणे बदलतं आणि हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. हिकप मोडवाला बंद होतो, सेकंदाने परत प्रयत्न करतो, परत बंद होतो. पुढे डीसी मोटर, मोठे कपॅसिटर असलेले डिव्हाइस किंवा बरेच एचएमआय असतील तर तो कधी उठतच नाही, नुसता टिकटिक करत बसतो. कॉन्स्टंट करंटवाला व्होल्टेज खाली आणतो पण करंट देत राहतो, लोड भरतं आणि मशीन उठतं. काहींमध्ये बूस्ट असतो, ३ ते ५ सेकंद दीडपट करंट. व्हॉल्व्ह आणि ब्रेक कॉइल जास्त असतील तिथे हा बूस्ट फार कामाचा.

आता एक असा मुद्दा जो चांगल्या चांगल्या पॅनलमध्ये चुकलेला असतो, २४ व्होल्टच्या बाजूचं प्रोटेक्शन. १० अँपिअरच्या एसएमपीएसपुढे प्रत्येक ग्रुपला सी ६ एमसीबी टाकलेली असते आणि सगळ्यांना वाटतं शॉर्ट झालं की ती पडेल. सी कर्व्हची एमसीबी झटकन पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो आणि डीसीवर त्याहून दीडपटीच्या आसपास जास्त, म्हणजे ६ अँपिअरच्या एमसीबीला ९० अँपिअरपर्यंत लागू शकतात. १० अँपिअरचा सप्लाय ते आणणार कुठून? शिवाय वायरचा रेझिस्टन्स. ३० मीटर लांबचा सेन्सर, जाऊन-येऊन ६० मीटर, १ स्क्वेअर एमएम कॉपरला साधारण १ ओहम होतो. तिथे शॉर्ट झालं तर २४ भागिले १, म्हणजे २४ अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, सप्लाय कितीही दांडगा असो. मग होतं असं की एमसीबी पडत नाही, सप्लायचं व्होल्टेज बसतं, पीएलसी बंद, एचएमआय काळा, आणि फॉल्ट कुठे आहे ते शोधायला रात्रपाळीचा माणूस सगळे टर्मिनल सोडवत बसतो. इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर लावा, चार किंवा आठ चॅनलचे, प्रत्येक चॅनलला २, ४, ६ अँपिअर सेट करता येतात, फॉल्टवाला चॅनल तेवढा बंद होतो, त्याचा लाल दिवा लागतो आणि बाकी मशीन जिवंत राहतं. बजेट नसेल तर निदान पीएलसी-एचएमआयला एक सप्लाय आणि व्हॉल्व्ह-कॉन्टॅक्टरला दुसरा, एवढं तरी करा. प्रत्येक डीसी कॉइलला, बंद होताना ती मारते तो व्होल्टेजचा झटका दाबायला, उलटा डायोड किंवा सप्रेसर लागला आहे ना हेही बघा.

तोच १ ओहम व्होल्टेज ड्रॉपलाही नडतो. त्या वायरवर २ अँपिअर काढले की २ व्होल्ट वाटेत गेले. पीएलसीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे आयईसी ६११३१-२ मध्ये, २४ व्होल्टला उणे १५ आणि अधिक २० टक्के चालतं, म्हणजे २०.४ ते २८.८. बऱ्याच व्हॉल्व्हची मर्यादा याहून बारीक, अधिक-उणे १० टक्के असते. मोजायचं ते एसएमपीएसच्या टर्मिनलवर नाही, लांबच्या व्हॉल्व्हच्या कनेक्टरवर आणि सगळे व्हॉल्व्ह चालू असताना. सप्लायचं पॉट, म्हणजे व्होल्टेज सेट करायचा स्क्रू, फिरवून २४.५ करायला हरकत नाही, पण बारीक वायर लपवायला २७ करू नका, वायर बदला.

शून्य व्होल्ट एका ठिकाणी, आणि एकाच ठिकाणी, अर्थला जोडा. तो तरंगता ठेवला तर वायर घासून पहिला अर्थ फॉल्ट होतो तेव्हा काहीच कळत नाही आणि दुसरा फॉल्ट झाला की कमांड नसताना एखादी कॉइल उचलू शकते. जोडलेला असेल तर पहिल्याच फॉल्टला प्रोटेक्शन पडतं. प्रेस किंवा होइस्टवर हा माणसाच्या बोटांचा प्रश्न आहे.

जास्त खात्री हवी असेल तर दोन सप्लाय रिडंडंट लावतात, म्हणजे एक मेला तरी दुसरा लोड उचलतो. नुसते प्लसला प्लस जोडू नका, मध्ये रिडंडन्सी मॉड्यूल पाहिजे, म्हणजे एक आतून शॉर्ट झाला तरी दुसऱ्याला खाली ओढणार नाही. डायोडच्या मॉड्यूलवर अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो आणि ते तापतं, मॉस्फेटवालं महाग पण गार. दोघांपैकी प्रत्येकाने एकट्याने पूर्ण लोड ओढला पाहिजे, दोघांचे एमसीबी वेगळे, जमलं तर फेजही वेगळे. आणि दोघांचे डीसी ओके कॉन्टॅक्ट (आउटपुट ठीक आहे हे सांगणारे) पीएलसीच्या इनपुटला घ्या. हे नाही केलं तर एक सप्लाय आज मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही, आणि दुसरा मरतो तेव्हा सगळे म्हणतात रिडंडन्सी असून काय उपयोग.

डेटाशीटवरचा एमटीबीएफचा (दोन बिघाडांमधल्या सरासरी वेळेचा) आकडा बघून भुलू नका. ५ लाख तास लिहिलंय म्हणजे ५७ वर्षं टिकेल असं अजिबात नाही. त्याचा अर्थ असा की तरुण वयातले असे १०० डबे वर्षभर चालवले तर मिळून ८ लाख ७६ हजार तास होतात आणि त्यात एक-दोन बिघडतील. म्हातारपण त्यात धरलेलंच नाही. विचारायचं असेल तर कपॅसिटरचं आयुष्य किती तापमानाला आणि किती लोडला, ते विचारा. पल्स, फिनिक्स कॉन्टॅक्ट, सीमेन्स, मीनवेल, डेल्टा, ओमरॉन, वागो, वाइडम्युलर, सगळ्यांच्या वेगवेगळ्या सिरीज असतात, एकाच कंपनीची स्वस्त सिरीज आणि वरची सिरीज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून नुसतं नाव सांगून घेऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर लिहून अधिकृत डीलरकडून बिलाने घ्या.

लोटे परशुराम, तारापूर अशा केमिकल पट्ट्यात किंवा कोकणच्या दमटपणात बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा अडवणारा पातळ थर) असलेलं मॉडेल मागा. साखर कारखान्यात तर हंगाम संपल्यावर पॅनल पावसाळाभर बंद पडून राहतं, आत पाणी सुटतं, भुश्शाची धूळ ओली होऊन बोर्डाला चिकटते, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी स्विच टाकला की धूर. तिथे पॅनलमधला स्पेस हीटर बंद काळातही चालू ठेवायचा, आणि गाळप सुरू व्हायच्या आधी एसएमपीएस एकदा लोडवर चालवून बघायचा.

चालू मशीनवर वर्षातून एकदा तीन आकडे घ्या, डीसी क्लॅम्पने लोड करंट, टर्मिनलवरचा व्होल्टेज, आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून रिपल. मल्टिमीटरला स्विचिंगचा खरा रिपल पूर्ण दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो, पण मागच्या वर्षी जो आकडा होता त्याच्या तिप्पट यंदा दिसला तर कपॅसिटर सुकायला लागलेत एवढं नक्की कळतं, त्याच मीटरने त्याच जागी मोजलं तर. मग तो पुढच्या शटडाउनला बदलून टाकायचा, मरायची वाट बघायची नाही. स्टोअरमध्ये त्याच मॉडेलचा एक स्पेअर ठेवा, आणि पॉट कितीवर सेट केलाय तो आकडा पॅनलच्या दरवाजावर आतून चिकटवा, रात्री अडीचला जो माणूस बदलेल त्याला तो तिथेच दिसला पाहिजे.